आवळ्याच्या काड्या का रुजल्या नाहीत?

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मलकापूरच्या अलीकडे बोदवड हे तालुक्याचे गाव आहे. खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे केळीच्या बागा येतात. पण त्या उत्तरेला, तापीच्या खोऱ्यात, रावेर-यावलच्या बाजूला. बोदवडचा परिसर बराचसा कोरडवाहू. कपाशी, ज्वारी, तूर आणि हरभऱ्याचा. काही वर्षांपूर्वी तेथे विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यासाठी जाण्याचा योग आला. दुपारच्या चहाच्या वेळी एक शिक्षक आमच्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी आपली अडचण सांगितली.

त्यांच्या शाळेच्या वाचनालयात बागकामावरचे एक इंग्रजी पुस्तक होते. गूजबेरीच्या झुडपाची छाटणी कशी करावी आणि छाटलेल्या काड्या जमिनीत खोचून नवी रोपे कशी तयार करावीत, याची सचित्र कृती त्यात दिली होती. शब्दकोशात गूजबेरीचा अर्थ 'आवळा' असा सापडला. आवळ्याचे झाड शाळेच्या आवारातच होते. सातवीच्या मुलांनी पुस्तकाबरहुकूम वीतभर लांबीच्या ४० काड्या कापल्या, वाफा करून त्यात ओळीने लावल्या आणि पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतल्या. दोन महिन्यांत चाळीसही काड्या वाळल्या. "पाणी घालण्यात हयगय झाली असेल," असे सर वर्गात बोलून गेले. तेव्हा एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, आम्ही रोज पाणी घातलं."

"ते वाक्य अजून मनातून जात नाही," शिक्षक म्हणाले. "मुलांचं चुकलं नव्हतं. मग चुकलं कुठं?"

आवळा तसा काडीने लागत नाही, त्याचे डोळे भरून कलम करावे लागते, असे उत्तर आम्ही दिले. त्यावर त्यांनी लगेच विचारले, "का लागत नाही? डाळिंब लागतं, द्राक्ष लागतं, मग आवळाच का नाही?" बैठक सुरू होण्याची घंटा झाली आणि आमची सुटका झाली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

तीन झाडे, एक नाव

पहिली चूक शब्दकोशात होती. इंग्रजांच्या देशातील गूजबेरी हे कमरेएवढे काटेरी झुडूप. त्याचे शास्त्रीय नाव रायबीस उवा-क्रिस्पा. आपला आवळा म्हणजे फायलँथस एम्ब्लिका, चांगला मोठा वाढणारा वृक्ष. फळाचा गोल आकार, अंगावरच्या उभ्या रेषा आणि आंबटपणा पाहून इंग्रजांनी त्याला 'भारतीय गूजबेरी' म्हटले. आपल्याकडे कागदी वेष्टनात बसल्यासारखी दिसणारी रसभरी हीसुद्धा इंग्रजीत 'केप गूजबेरी'; ती तर वांगी-बटाट्याच्या कुळातली. तिन्ही झाडांचा परस्परांशी जवळचा असा कोणताही संबंध नाही.

खरी गूजबेरी थंड हवेची. हिवाळ्यात तिची पाने झडतात, झुडूप झोपी जाते आणि पुरेशी थंडी सोसल्यावरच वसंतात डोळे फुटतात. पानगळीनंतर कापलेली तिची काडी जमिनीत खोचली तर बहुधा रुजते. इंग्लंडमधील लँकेशायर व आसपासच्या परगण्यांत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत विणकर आणि कामगार यांच्यात सर्वांत वजनदार गूजबेरी पिकवण्याच्या स्पर्धा चालत. चार्ल्स डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या, पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पती यांतील बदलांवरच्या ग्रंथात या स्पर्धांच्या नोंदी वापरल्या आहेत. रानटी गूजबेरीचे फळ सुमारे ८ ग्रॅमचे. 'लंडन' नावाच्या वाणाचे १८५२ सालचे फळ सुमारे ५८ ग्रॅम भरले होते, म्हणजे सातपटीहून अधिक. हे विणकर दोन गोष्टी करीत. बियांपासून असंख्य रोपे वाढवून त्यातले एखादे सरस रोप निवडीत. आणि ते सापडल्यावर पुन्हा बी न पेरता त्याच्या काड्या लावीत. बी नवे देते, काडी जुने राखते. बागाईतीचा निम्मा इतिहास या एका वाक्यात मावतो.

वराहमिहिराची यादी

काडीने झाड लावण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. खोडाचा तुकडा लावून वाढवण्याजोग्या झाडांची यादी त्यात दिली आहे. केळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग ही त्यातली आपल्या ओळखीची काही नावे. कापलेल्या जागी शेणाचा लेप द्यावा, असेही सांगितले आहे. आणि त्याच ठिकाणी दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा खोडावर रोपण करण्याचा, म्हणजेच कलमाचा, उल्लेख येतो.

या यादीत आवळा नाही. आवळा त्या काळी अपरिचित होता असे मुळीच नाही. आयुर्वेदात त्याला मानाचे स्थान आहे. पण यादी म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. फणस व जांभूळ यांची नावे त्या यादीत आहेत, आणि त्यांच्या काड्या सहज रुजत नाहीत हे कोणीही माळी सांगेल. अनुभवाने 'काय होते' ते कळते. ते का होते आणि कधी होत नाही, हे कळायला प्रयोगच करावा लागतो.

उलटी टांगलेली फांदी

असा एक साधा आणि सुंदर प्रयोग हेरमान फ्यॉश्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केला आणि १८७८ साली प्रसिद्ध केला. विलो या झाडाच्या फांद्यांचे तुकडे त्याने दमट हवेच्या पात्रात टांगून ठेवले. काही सरळ, काही उलटे. सरळ टांगलेल्या तुकड्यांना खालच्या टोकाला मुळे व वरच्या टोकाला फुटवे आले, यात नवल नव्हते. पण उलट्या तुकड्यांनाही मुळे आली ती, झाडावर असताना जे टोक खाली होते त्याच टोकाला. टांगल्यानंतर ते वर गेले होते तरीही. तुकडा केवढाही लहान करा, त्याला आपले वर-खाली आठवते.

ही आठवण कशाची? युलियस झाक्स या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच सुमारास असे सुचवले की, पानांत काही मूळजनक द्रव्य तयार होत असावे व ते खाली उतरत असावे. ते द्रव्य त्याला दाखवता आले नाही. धागा सापडला तो वेगळ्याच प्रश्नातून. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखवले की, गवताच्या कोवळ्या अंकुराला प्रकाश कळतो तो शेंड्याशी, पण अंकुर वाकतो तो खाली. म्हणजे शेंडा खाली काही निरोप धाडतो. हॉलंडमधील फ्रिट्स व्हेंट याने ओटच्या अंकुरांचे शेंडे कापून अगरच्या तुकड्यांवर ठेवले. शेंड्यांतून अगरमध्ये उतरलेले द्रव्य मग नुसत्या अगरच्या तुकड्याने अंकुराला वाकवू शकले. हे १९२६ ते १९२८ या काळातले काम. या द्रव्याला ऑक्झिन हे नाव मिळाले. १९३४ मध्ये कोगल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंडोल ॲसेटिक आम्ल हे ऑक्झिन चक्क मानवी मूत्रातून वेगळे केले. शेंड्याचा निरोप आता बाटलीत भरता येऊ लागला.

एक घाव, दोन परिणाम

आता छाटणीकडे वळू. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करण्याची पद्धत आपल्या घरोघरी आहे. फुले येण्यापूर्वी शेंडे खुडलेला हरभरा आडवा पसरतो, त्याला जास्त फांद्या येतात, हे शेतावर जाणाऱ्या बायकांना पुस्तकाशिवाय माहीत असते. कपाशी फार उंच जाऊ लागली की तिचा शेंडा मोडतात, तुरीचेही शेंडे खुडतात. कोरडवाहू शेतकऱ्याची छाटणी ही अशी चिमटीने होते.

शेंडा गेल्यावर खालचे डोळे का फुटतात? प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, पण शेंडा शाबूत असेतो तो बहुधा निजलेलाच राहतो. अमेरिकेत पॅसाडेना येथे केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी १९३३ साली घेवड्याच्या वर्गातील एका शेंगवर्गीय झाडाचा शेंडा कापला आणि कापल्या जागी ऑक्झिन असलेला अगरचा तुकडा ठेवला. शेंडा नसतानाही बगलेतले डोळे निजलेलेच राहिले. नुसते अगर ठेवलेल्या झाडांचे डोळे मात्र फुटले. शेंड्याच्या या हुकमतीला पाठ्यपुस्तकात अग्रप्रभुत्व म्हणतात.

पुढच्याच दोन वर्षांत दुसरी बाजू उघड झाली. थिमन आणि व्हेंट यांनी छाट कलमांना मुळे आणणाऱ्या द्रव्याचा पाठपुरावा केला आणि १९३५ पर्यंत स्पष्ट झाले की, तेही ऑक्झिनच. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल हे त्याचे कृत्रिमरीत्या बनवलेले भावंड मुळे आणण्यात अधिक परिणामकारक असल्याचे दाखवले. रोपवाटिकांतून आज काडीचे बूड ज्या पांढऱ्या भुकटीत किंवा द्रावणात बुडवतात, त्यात बहुधा हेच असते.

ऑक्झिन खोडातून एकाच दिशेने वाहते: शेंड्याकडून बुडाकडे. फ्यॉश्टिंगच्या फांदीची 'आठवण' ती हीच. त्यामुळे कात्रीच्या एका घावाचे दोन परिणाम होतात. झाडावर उरलेल्या भागाचा वरून येणारा निरोप थांबतो आणि त्याचे डोळे जागे होतात. ही झाली छाटणी. तोडलेल्या काडीत मात्र निरोप वरून खाली येतच राहतो, पण पुढे वाट नाही. तो कापल्या टोकाशी साठतो आणि तेथे मुळांना चालना मिळते. हे झाले छाट कलम. त्या इंग्रजी पुस्तकात छाटणी आणि रोपे करणे हे एकाच प्रकरणात होते ते काही केवळ काड्या वाया जाऊ नयेत म्हणून नव्हे. या दोन्ही एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत.

येथेच कथा संपली असे समजू नये. शेंड्यापासून दूरचे डोळे, ऑक्झिन कमी होण्याच्या आधीच हालचाल करू लागतात, ही विसंगती अभ्यासकांना खटकत होती. २००८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले की, फांद्या फुटणे रोखणारी स्ट्रायगोलॅक्टोन नावाची आणखी द्रव्ये आहेत. २०१४ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून दिसले की, शेंडा तुटताच त्याच्याकडे जाणारी साखर डोळ्यांच्या वाट्याला येते आणि पहिली जाग त्या साखरेने येते. ऑक्झिनचे काम त्यानंतरचे. १९३३ चा प्रयोग खोटा ठरला नाही. त्याचा अर्थ मात्र अधिक खोल झाला. विज्ञानातील बहुतेक जुन्या उत्तरांचे असेच होते, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

दोन छाटण्यांची द्राक्षे

महाराष्ट्रात छाटणीची विद्या सर्वांत पुढे गेली ती द्राक्षात. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास दौलताबादला आला होता. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याला हे नोंदवावेसे वाटले याचे कारण उघड आहे. थंड देशातली द्राक्षवेल गूजबेरीप्रमाणेच हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदाच छाटली जाते आणि एकदाच फळते. दख्खनच्या पठारावर तिला झोपायला पुरेशी थंडीच मिळत नाही. छाटली की ती फुटते.

दोनदा फळणे ऐकायला चांगले. पण पावसाळ्यात येणारा माल रोगाने नासतो. त्यातून आपल्या बागाईतदारांनी जी रीत बसवली ती अशी: छाटण्या दोन, पीक एक. एप्रिलमधील खरड छाटणीत वेल जवळजवळ बोडकी करतात. एकेक डोळा ठेवून सारे काढून टाकतात. या छाटणीने फळ मिळत नाही, नवी काडी मिळते. पुढच्या दीड-दोन महिन्यांच्या भरपूर उन्हात त्या काडीवरील डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरमधील गोडी छाटणी त्या घड असलेल्या डोळ्याच्या वर करायची. घड कितव्या डोळ्यात आहे हे ठरवण्यासाठी बागाईतदार काड्या प्रयोगशाळेत नेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात. सूक्ष्मदर्शक शाळेच्या कपाटाबाहेर कोठे कामाला येतो, असे मुलांनी विचारले तर हे उदाहरण द्यावे.

या बागांत सर्वाधिक पसरलेले वाण थॉमसन सीडलेस. त्याची कथा म्हणजे एका काडीचा प्रवास आहे. हे मूळचे पश्चिम आशियातील बिनबियांचे जुने द्राक्ष. सुलताना, किशमिश अशी त्याची तिकडची नावे. इंग्लंडमधील काचघरांत ते वेगळ्याच नावाने वाढत असे. तेथून ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एका रोपवाटिकेत पोचले. १८७२ साली कॅलिफोर्नियातील विल्यम थॉमसन याने तेथून त्याच्या काड्या मागवल्या आणि पुढे त्या वाणाला त्याचेच नाव पडले. या द्राक्षात रुजणारे बीच नसते. म्हणजे माणसाने काडी कापून लावली नसती तर ही वेल एका पिढीतच संपली असती. ज्याला आपण लाखो वेली म्हणतो, ती खरे पाहता एकच वेल आहे. शतकानुशतके तिचे तुकडे होत आले आहेत.

असे असले तरी या एका वेलीतही क्वचित बदल घडतो. एखाद्या डोळ्यातील पेशीत उत्परिवर्तन होते आणि त्या डोळ्यातून फुटलेली काडी बाकीच्या वेलीहून वेगळी फळे देते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना आपल्या थॉमसनच्या बागेत असाच वेगळेपणा दिसला. त्यांनी तो काड्यांनी वाढवला आणि 'तास-ए-गणेश' हे वाण जन्मले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांचे 'सोनाका' असेच निवडले. हे दोघेही शेतकरी. त्यांना हा वेगळेपणा दिसला याचे आम्हाला नवल वाटत नाही. जो माणूस वर्षातून दोनदा बागेतील एकेका काडीपुढे उभा राहून कोठे कापायचे ते ठरवतो, त्याच्याइतकी बारीक पाहणी आमच्या प्रयोगशाळेतही क्वचितच होते. द्राक्षांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झाले. त्याआधीच या वाणांनी बागा भरल्या होत्या.

काडीबरोबर जे येते

काडी जुने राखते, हा तिचा गुण. तोच तिचा धोकाही आहे. हजारो एकरांवर एकच झाड असेल, तर त्याचा एक शत्रू सर्वांचा शत्रू होतो. शिवाय काडी एकटी प्रवास करीत नाही.

१८६० च्या दशकात फ्रान्समधील द्राक्षमळे मुळापासून मरू लागले. १८६८ मध्ये प्लँशाँ आणि त्याच्या सोबत्यांनी मुळांवर चिकटलेली सूक्ष्म पिवळट कीड शोधली. तिचे नाव फायलॉक्झेरा. ती अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर आली होती. उपाय सापडला तोही अमेरिकेच्याच वेलींत. त्या वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच द्राक्ष असे कलम करण्यास सुरुवात झाली. टेक्सासमधील रानवेलींचा अभ्यासक टी. व्ही. मन्सन याला या कामातल्या मदतीबद्दल १८८८ साली फ्रान्सने गौरवले. महाराष्ट्रात १९९० च्या दशकापासून 'डॉगरिज' नावाचा खुंट पसरला, तो याच टेक्सासच्या वेलींच्या घराण्यातला. आपल्याकडचे कारण मात्र वेगळे होते: पाण्याची टंचाई आणि जमिनीतील क्षार. बागाईतदार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास खुंटाची मुळे फुटलेली काडी लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिच्यावर हव्या त्या वाणाचे पाचर कलम भरतात.

खानदेशाला हा धडा द्राक्षापेक्षा केळीने शिकवला आहे. केळीच्या खाद्य वाणांत बी नसते. बसराई असो वा श्रीमंती, लागवड कंदानेच होत आली. रोगट बागेतला कंद लावला की कंदाबरोबर रोगही येतो. खानदेशात ज्याला हरण्या म्हणतात तो विषाणुजन्य रोग काकडीवर्गीय पिकांतून माव्यामार्फत केळीवर येतो आणि रोगट कंदांतून पुढच्या बागेत जातो. १९९० च्या दशकात जळगावात ग्रँड नैन या वाणाची ऊतीसंवर्धित रोपे तयार होऊ लागली. मातृझाडे विषाणूंसाठी तपासून घेतली तर रोगमुक्त रोपे मिळतात, हा त्यातला मोठा लाभ. पण ऊतीसंवर्धनाने एकसारखेपणा कमी होत नाही, वाढतोच. जगाच्या बाजारातले पूर्वीचे मुख्य केळे ग्रो मिशेल १९५० व १९६० च्या दशकांत पनामा मर रोगापुढे टिकले नाही आणि त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सर्व त्याच गटातली. जगातला कॅव्हेंडिशचा बाजार उद्या अशाच एखाद्या मर रोगाने ग्रासला, तर तापीकाठ त्यातून वेगळा राहणार नाही.

ऊतीसंवर्धनाच्या बरण्यांत जे पोषक माध्यम सर्रास वापरतात ते मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तयार केले. हा स्कूग म्हणजे १९३३ साली शेंडा कापून ऑक्झिन ठेवणारा तोच स्कूग. शेंडा आणि डोळा यांच्या भांडणाचा अभ्यास करता करता तो, बरणीत कोणत्या द्रव्यांच्या कोणत्या प्रमाणाला मुळे फुटतात आणि कोणत्या प्रमाणाला कोंब, येथवर पोचला होता. हरभऱ्याचा खुडलेला शेंडा आणि जळगावचे केळीचे रोप एकाच इतिहासाची दोन पाने आहेत.

चाळीस काड्यांचे उत्तर

आता त्या शिक्षकांच्या प्रश्नाकडे येऊ. आवळ्याची काडी का रुजली नाही?

ऑक्झिन हा केवळ निरोप आहे. तो ऐकणाऱ्या पेशीही हव्यात. विलोसारख्या काही झाडांच्या फांद्यांत मुळांचे सूक्ष्म अंकुर आधीच तयार असतात. डाळिंब, तुती, द्राक्ष यांच्या काडीतील पेशी जखम झाल्यावर सहज नव्याने विभागू लागतात. अनेक वृक्षांच्या, विशेषतः वयस्क झाडांच्या, फांद्यांतील पेशींची ही तयारी फार कमी असते, आवळा त्यांतलाच. अशी काडी मुळे फुटण्याची वाट पाहत असते, तोवर तिच्यातील पाणी व साठा संपून जातो. रोज पाणी घालूनही ती वाचत नाही.

आवळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती मुलांना झाडाखाली नेऊनच दाखवावी. आवळ्याची जी हिरवी, पिसासारखी डहाळी दिसते ती संयुक्त पान वाटते, पण ती पान नसून फांदी असते. तिच्या बगलांत फुले आणि फळे धरतात यावरून ते ओळखता येते. मात्र ही फांदी कायमची नसते. पानगळीच्या दिवसांत पानांसकट ती सबंध गळून पडते. आवळा स्वतःची छाटणी स्वतःच करतो म्हणा ना! अशा डहाळीत झाड पुढे वाढवणारा शेंडाच नसतो. मुलांच्या चाळीस काड्यांतील काही अशा असतील, तर त्यांना कितीही औषध लावले तरी झाड होणार नव्हते.

म्हणून आवळ्याला दुसरी वाट. बियांपासून खुंटरोप वाढवायचे, त्याची मुळे घ्यायची. आणि सालीत खाच करून हव्या त्या वाणाचा डोळा त्यावर भरायचा. डोळा रुजला की वरचा खुंट छाटायचा, म्हणजे शेंड्याची हुकमत जाऊन भरलेला डोळा जागा होतो. छाटणी येथेही आलीच.

याच प्रश्नावरून वर्गात काही गोष्टी करता येतील. कुंड्यांत हरभरा पेरून निम्म्या रोपांचे शेंडे खुडावेत आणि तीन आठवड्यांनी फांद्या मोजाव्यात. तुतीच्या काड्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करून वरच्या टोकाला दोरा बांधून खूण करावी. निम्मे सरळ आणि निम्मे उलटे लावून फ्यॉश्टिंगचा प्रयोग पुन्हा करावा. आणि पुढच्या वेळी आवळ्याच्या २० काड्यांशेजारी डाळिंबाच्याही २० काड्या लावाव्यात. एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर डाळिंब रुजले आणि आवळा वाळला, म्हणजे दोष पाण्याचा नाही हे कोणी सांगावे लागणार नाही. पहिल्या प्रयोगात उणीव होती ती या तुलनेची. ती उणीव मुलांच्या मेहनतीतली नव्हती, मांडणीतली होती.

चाळीसपैकी चाळीस काड्या वाळणे हे अपयश नसून अगदी स्पष्ट निरीक्षण आहे. इतके स्वच्छ उत्तर आम्हाला संशोधनात फार वेळा मिळत नाही. ते उत्तर होते हे ओळखण्याऐवजी तेथे मुलांची चूक शोधली गेली, आणि मेळाव्यात आम्हीही "लागत नाही" असे सांगून मोकळे झालो. दोन्ही ठिकाणी प्रश्न तेवढ्यावरच मिटवला गेला.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. शक्य झाले तर त्या शिक्षकांनी तिला कळवावे की पाणी बरोबर घातले होते, आणि तिचे म्हणणे खरे होते.